तापीत सोडलेली चिठ्ठी

संक्रांतीनंतरचा दुसरा सोमवार, सन १९३६. मुक्काम प्रकाशा. सकाळी, दूध तापवून झाल्यावर.

हजर: सासूबाई. माझे यजमान, खांडबारा स्टेशनात मालाचे कारकून, दोन दिवसांच्या रजेवर आलेले. धाकटे दीर, घरची शेती पाहणारे. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, खाटेवर. आणि मी. गैरहजर: जावेची पाच वर्षांची मुलगी. तिला शेजारी पाठवले होते, कारण तिने आईजवळ बसायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते.

हे सगळे वहीत आहे. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. लग्न असो, पापड असोत, आजारपण असो, आधी वही उघडायची, ओळीला आकडा घालायचा, काम झाले की पुढे खूण करायची. माहेरी वडिलांनी चौथीपर्यंत शिकवले त्याचा मी एवढाच उपयोग केला, पण पुरेपूर केला. सासरीही कुणी कुठे जायचे ठरले की सगळे माझ्याकडे पाहत.

त्या सोमवारी ठरवायचे होते ते असे. जावेला दिवाळीपासून खोकला होता. पौषात थुंकीत रक्त दिसले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि दिरांना बाहेर नेऊन सांगितले, "पावसाळ्यापर्यंत हिला समुद्राच्या हवेत ठेवा. दूध द्या, विश्रांती द्या. इथेच ठेवाल तर पुढचा पावसाळा काढणे कठीण आहे." दीर घरी आले आणि हे सगळे त्यांनी मला सांगितले, बायकोला नाही. पण ती एकोणतीस वर्षांची होती आणि तिला ऐकू येत होते.

समुद्र आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता. आम्ही तापीकाठची माणसे. पाण्याचा मोठा पट्टा म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे भादव्यातली तापी येते.

दोन ठिकाणे समोर होती. एक बंदराचे गाव, जिथे तापी समुद्राला मिळते त्याच्या जवळचे. जुने, लहान, फारशी ये-जा नसलेले. यजमानांच्या ओळखीचा एक कापसाचा व्यापारी होता, त्याचे तिथे रिकामे घर होते. त्याने पत्र पाठवले होते: घर मोकळे आहे, हवा उत्तम, नदी दाराशी, हवे तितके दिवस राहा. दुसरे दर्याकाठचे शहर. गाडीने आणखी बरेच पुढे. बाजार, घोडागाड्या, दिवसभर माणसांचा राबता. तिथे डॉक्टर होते आणि एका धर्मशाळेत आजाऱ्यांसाठी खोल्या मिळत.

मी पान मधोमध उभे दुमडून दोन रकाने केले होते. बंदराच्या बाजूला नऊ गोष्टी चांगल्या निघाल्या: घर फुकट, अंगण, शांतता, धूर नाही, जवळचे अंतर, जिना नाही, दूध स्वस्त असणार, आपली माणसे सोबत राहू शकतील, नदी दाराशी. शहराच्या बाजूला चार. त्यातली एक डॉक्टर. मी प्रत्येक ओळीला एकच गुण देत असे. डॉक्टरला एक आणि अंगणाला एक. त्यात काही खटकले नाही.

पिण्याच्या पाण्याची ओळ दोन्ही रकान्यांत नव्हती. हे आज लिहिताना मला घाम फुटतो. पण प्रकाशाच्या माणसाने, नदी दाराशी असताना, पाणी आहे का असे कुणाला का विचारावे? सासूबाई तर पत्र ऐकून खूश झाल्या होत्या.

"तठे आपलीच तापी जास. घरनंच पानी पेवाले भेटी. पोरीले परकं वाटाव नही."

जाऊ खाटेवरून हळूच म्हणाली, "आत्याबाई, माले शहरमा जानं शे."

सगळे थांबले. ती अशी कधी बोलत नसे.

"तठे काय शे व?" सासूबाई म्हणाल्या. "धूळ आनि गलका."

"तठे मन्हासारखा लोके ऱ्हातस. सांजले वाळूवर बसतस म्हने, एकमेकसंगे बोलतस. आठे मन्हा जोडे कोनी बसत नही." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हीबी दाराशीच उभ्या ऱ्हातस."

मी खरेच दाराशी उभी होते. वही हातात होती. मी दोन पावले आत गेले आणि म्हटले, "धाकटी, खोकल्याला माणसे लागत नाहीत, हवा लागते." आणि शहराच्या रकान्याच्या अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिले: किरकोळ – तिला माणसे हवीत. ती ओळ मी मोजली नाही.

दीर नुसते जमिनीकडे बघत होते. "वहिनी, तुम्ही म्हनशात तसं. माले काही समजत नही," एवढेच त्यांचे पालुपद. यजमान म्हणाले, शहरात ओळखीचा एक स्टेशन मास्तर आहे, पण घर फुकट मिळते आहे तर... आणि वाक्य तिथेच सोडून दिले.

तेव्हा सासूबाई उठल्या. "यादीवर मानूस जगस का व मोठी? देवले इचारू. चिठ्ठ्या लिख."

आमच्या घरची ही जुनी रीत. मोठा प्रश्न असला की दोन चिठ्ठ्या महादेवापुढे ठेवायच्या. ज्याचा प्रश्न त्याने एक उचलायची. उचललेली उघडून वाचायची. दुसरी मात्र कुणी उघडायची नाही. ती तशीच घडी घातलेली तापीत सोडायची. देवाने ज्याला नाही म्हटले ते माणसाने वाचू नये, असे सासूबाईंच्या सासूबाई सांगत.

चिठ्ठ्या लिहायला मी ओसरीवर बसले. वहीचे एक पान फाडून त्याचे दोन सारखे तुकडे केले. पहिल्यावर लिहिले, बंदर. दुसरा तुकडा समोर घेतला आणि हात थांबला.

माझ्या मनात जे आले ते जसेच्या तसे लिहिते. मला खात्री होती. नऊ विरुद्ध चार. आणि आता हे सगळे एका आजारी बाईच्या बोटांवर सोडायचे? बोट इकडे पडले तर ती जगणार, तिकडे पडले तर गर्दीत, धुळीत, जिन्यावरून चढउतार करत मरणार. एवढ्या मोठ्या कामात अर्धी बाजू नशिबाच्या हाती कशाला द्यायची? मी दुसऱ्या तुकड्यावरही लिहिले, बंदर. दोन्हींच्या चार-चार घड्या घातल्या. कुणाच्या वाटेत काटा टाकतो आहोत असे अजिबात वाटले नाही; उलट एक काम नीट उरकल्यासारखे वाटले.

आणि सवयीने वहीत नोंद केली. ती नोंद करताना मी इकडेतिकडे पाहिले, हेही आठवते.

देवळापर्यंत जावेला दिरांनी जवळजवळ उचलूनच नेले. गुरवाने चिठ्ठ्या पिंडीपुढे बेलाच्या पानावर ठेवल्या. जावेने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. तिचे ओठ हलत होते. मग तिने डावीकडची उचलली, क्षणभर हातात धरली, परत ठेवली आणि उजवीकडची घेतली. मला दिली. मी वाचली.

"बंदर."

सासूबाईंनी दुसरी चिठ्ठी उचलली, घाटाच्या पायऱ्या उतरल्या आणि पाण्यावर सोडली. थोडी तरंगली, मग एका भोवऱ्यात फिरून दिसेनाशी झाली.

जावेने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. परत येताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. रडू आवरल्यावर होतो तसा नव्हे, खरोखर शांत. मी स्वतःला सांगितले, बघ, बरे झाले.

बुधवारी यजमान आणि मी खांडबाऱ्याला परतलो. ठरले ते असे: शनिवारी पहाटे दिरांची बैलगाडी उथळ उताराने तापी ओलांडून नंदुरबारला येईल. तिथून सगळे संध्याकाळच्या आत गाडीने खांडबाऱ्याला आमच्या घरी येतील. जावेला एका दमात एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून रात्री मुक्काम. रविवारी सकाळच्या गाडीने सासूबाई, दीर आणि ती पुढे बंदराकडे. मी तोपर्यंत सामान बांधून ठेवायचे. यादी सव्वीस ओळींची होती.

शनिवारी सकाळी बाजार होता. मी हळद आणि कंदिलाच्या वाती घ्यायला निघाले. बाजाराच्या टोकाला सुकी मासळी विकणाऱ्या बाया बसत. गाडीने दर्याकडून येत, टोपल्या मांडत, डोंगरातल्या गावांतले लोक त्यांच्याकडून सुकट नेत. आम्ही त्या बाजूने जातच नसू. आमच्या घरात मासळीचे नाव काढायची सोय नव्हती. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आले की या बाया तिकडच्याच. गावात दूध काय भावाने मिळते ते विचारून यादीत नीट लिहावे.

मी पदर नाकाला लावून पुढे गेले. एक म्हातारी होती, हातभर बांगड्या, दात काळे. मी बंदराच्या गावाचे नाव घेतले, माहीत आहे का विचारले.

"बेन, आधी नाकावरचा पदर काढ," ती म्हणाली. "तू बोलते का माशी घोंघावते, मला कळत नाही."

शेजारच्या बाया हसल्या. मी पदर काढला.

"माहीत का, माझं सासरच ते. काय काम?"

मी सांगितले, आजारी बाई आहे, छातीचे दुखणे, चार महिने हवेसाठी राहायचे आहे. निवांत गाव आहे ना?

"निवांत? लई निवांत. पुरुष दर्यावर, बाया पाण्यावर. कुत्रा भुंकायला माणूस शोधतो."

"बाया पाण्यावर म्हणजे?"

"पाणी आणायला. प्यायचं पाणी." तिने एका गिऱ्हाइकाला मापटे भरून दिले आणि माझ्याकडे परत वळली. "होळीपासून पाऊस पडेपर्यंत गावातली विहीर खारू. पलीकडल्या गावच्या विहिरीवर जायचं, पहाटे निघायचं, ऊन चढल्यावर यायचं. एक घडा. आजारी बाईचा घडा कोण आणणार, तू?"

"पण नदी दाराशी आहे," मी म्हटले.

"आहे की."

"तापी आहे."

"तापी तुमच्याकडे, बेन. आमच्याकडे दिवसातून दोन वेळा दर्या तिच्यात चढतो. गावाच्या वर कितीतरी कोस. ते पाणी तोंडात घेशील तर थुंकशील." ती आता हसत नव्हती. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते. पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या लेखी दाराशी नदी म्हणजे खारी नदी, हे सांगण्यासारखे काय होते? त्याने खोटे काहीच लिहिले नव्हते.

मी विचारले, वैद्य, डॉक्टर? ती म्हणाली, होडीने जायचं, वारा असला तर. मी विचारले, दूध? तिने नुसते हात हलवले. मग म्हणाली, "आजारी माणसाला शहरात ने. माझ्या बहिणीच्या पोराला नेला तिथं. पाणी आहे, डॉक्टर आहे, आजारी लोक एकमेकांशी भांडायला तरी भेटतात. आमच्या गावी येऊन ती काय करील? मरायला शांत जागा आहे, हां."

काही न घेता मी घरी आले. हळद राहिलीच.

यजमान मालधक्क्यावर होते. तिथे जाऊन मी त्यांना पाण्याचे सांगितले, चिठ्ठ्यांचे नाही. ते घाबरले. "मग शहराची तिकिटे काढतो. त्या स्टेशन मास्तरला आत्ताच निरोप पाठवतो, धर्मशाळेत खोली बघायला. पण आई ऐकेल? देवाचा कौल आहे." मी म्हटले, ते माझ्यावर सोडा.

दिवस कलायच्या आत ते आले. जाऊ डब्यातून उतरली तेव्हा दिरांच्या खांद्याला धरून होती, पण हसली. सासूबाई पाय धुऊन शेजारणीकडे बसायला गेल्या. दीर सामान मोजायला स्टेशनात राहिले. मी जावेला आतल्या खोलीत नेले आणि या खेपेस तिच्या खाटेवर, तिच्या शेजारी बसले.

मी पाण्याचे सगळे सांगितले. म्हातारी काय म्हणाली ते सांगितले. शेवटी म्हटले, "उद्या तू शहरात जायचे. तुझ्या मनात होते तेच."

तिने मान हलवली. "नही बाई."

"का?"

"देवनी दिधं ते आते बदलत नही." तिने पदराची गाठ चाचपली. "मी आपला हातनी उचलेल शे ती चिठ्ठी. घरमा मन्ही पोर शे. मी देवना सबद मोडू आनि तिले काही व्हयनं तं?"

"पाणी नाही तिथे! तू चार दिवस काढणार नाहीस."

"देवले पानी माहीत नही का?"

ती अगदी साधेपणाने बोलत होती. मला तिला हलवता येईना. मी वेगवेगळ्या बाजूंनी समजावले, रागावले, डॉक्टरांचे नाव घेतले. ती ऐकून घेई आणि गाठीवर हात ठेवी. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता, शेजारणीला प्रवासाचे सांगत होत्या. त्या आत आल्या की बोलणे संपणार होते. एकाच गोष्टीने ती हलली असती आणि ती गोष्ट माझ्याच तोंडात होती.

मी म्हटले, "धाकटी, दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच होत्या. दोन्हींवर मी बंदरच लिहिले होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चक्क हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "बाई, मन्हासाठे तुम्ही खोटं बोली ऱ्हायनात. देवनं नाव लईसन खोटं बोलू नका. पाप तुमले लागी."

हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. कबुली दिली की शिव्या खाव्या लागतील, एवढी तयारी मी केली होती. कबुली देऊनही कुणी मानणार नाही, उलट आपल्याला दयाळू समजेल, हे सुचले नव्हते. दुसरी चिठ्ठी तर तापीत गेली होती. सासूबाईंनी ती सोडली, त्यांनीही उघडली नव्हती.

मी उठले, वही आणली, सोमवारचे पान काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. ती दुसरीपर्यंत शिकली होती. बोट ठेवून, अक्षर लावत तिने वाचले.

"एक. कं-दि-लाची काच. दोन. औषधाची बा-टली. तीन. चिठ्ठ्या दोन." बोट थांबले. "दोन्ही... बंदर." आणि पुढे माझी खूण. झाले, अशी.

तिने ती ओळ परत वाचली. मग तिसऱ्यांदा. पदराची गाठ सोडली, चिठ्ठी काढली, उघडली, वहीतल्या अक्षराशेजारी धरली. काय पडताळायचे होते तिला कुणास ठाऊक.

तिने वहीचे पान मागे उलटले. मला अडवता आले नाही. दोन रकाने. बोट खाली खाली गेले.

"किर-कोळ. तिला माणसे हवीत." तिने वर पाहिले. "किरकोळ म्हंजे काय, बाई?"

मी म्हटले, "म्हणजे... जे मोजले नाही तरी चालते ते."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. मला वाटले आता ती ओरडेल, सासूबाईंना हाक मारेल. मारली असती तर मला बरे वाटले असते.

सासूबाई आत आल्याच. "काय गप्पा चालन्यात दोघीसन्या?"

"आत्याबाई," जाऊ म्हणाली, "काल रातले देव मन्हा सपनमा ऊना."

सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"म्हने, चिठ्ठी मी दिधी व्हती, पन तठलं पानी खारं व्हई गयं. तू गर्दीमा जाय. शहरमा जाय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या मांडीवरच्या वहीकडेही पाहिले असे मला वाटले. मग त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"देव सोता ऊना तं मंग आपन कोन? मोठी, तुन्हा मालकले तिकीट बदलाले सांग."

तिकिटे बदललेली होतीच. शहराच्या रकान्यात मी धर्मशाळेचा पत्ता लिहून ठेवला होता. तो तेवढा उपयोगी पडला. त्या रात्री मी सव्वीस ओळींची यादी परत लिहिली.

सकाळी स्टेशनवर गाडीला थोडा वेळ होता. दीर आणि यजमान सामान चढवत होते, सासूबाई डब्यात जागा धरून बसल्या होत्या. जाऊ बाकावर होती. मी जवळ गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली. तिने हे आधीपासून मनात जुळवून ठेवले असावे, कारण एकदाही अडखळली नाही.

"सपन मी तुमनासाठे सांगं नही. आत्याबाईसना जीव मोडता, म्हनीसन सांगं. मी मरनू तं त्यासले काहीच सांगू नका. देवनी सूनले मारं, इतलं त्या सहन करतीन. पन मी जगीसन परत ऊनू तं तुम्ही त्यासले खरं सांगशात. तुम्हीच. मी सांगाव नही."

मी म्हटले, "सांगेन."

"लिखी ल्या," ती म्हणाली.

मी तिथेच बाकावर वही उघडून लिहिले. तिने वाकून वाचले आणि मग दिरांचा हात धरून डब्यात चढली.

ती गेल्यावर पहिले दोन महिने दिरांची पत्रे वाईटच होती. ताप उतरत नाही, वजन घटते. चैत्रात पुन्हा रक्त पडले. त्या रात्री डॉक्टर धर्मशाळेत तीनदा आले, असे दिरांनी लिहिले होते. मी ते पत्र वाचले आणि बंदराच्या गावातला वारा, होडी आणि रिकामे अंगण डोळ्यांपुढून हलेनात. त्याच वेळी एक दुसरा विचार मनात आला. तो मी कुणाजवळ बोलले नाही, पण इथे लिहिते. ती गेली तर मला सांगावे लागणार नाही. विचार आला आणि गेला. पण आला होता.

वैशाखातल्या पत्रात प्रथमच तापाचा उल्लेख नव्हता. तिथे तिची एका शिंपिणीशी मैत्री झाली होती, तीही आजारी. दोघी संध्याकाळी वाळूवर बसून डॉक्टरांची नक्कल करत, असे दिरांनी थोड्या नाराजीने लिहिले होते.

मृगाच्या आधी ती परत आली. खांडबाऱ्याला गाडी थांबली तेव्हा स्वतःच्या पायांनी उतरली. गालांवर थोडे मांस, आवाज बारीक पण स्वच्छ. मुलीला मागाहून आमच्याकडे आणले होते, ती आईकडे धावत सुटली आणि मधेच थांबून माझ्याकडे बघू लागली, जवळ जाऊ का म्हणून. मी म्हटले, जा.

जावेने लेकीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले.

याला आता नऊ वर्षे झाली. पहिल्या वर्षी मी म्हटले, सासूबाई प्रवासाने थकल्या आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांचा डोळा गेला. एकदा, पाऊस उघडल्यावर, मी नेटाने सुरुवात केली होती. "आत्याबाई, त्या चिठ्ठ्यांचं..." त्या म्हणाल्या, "कोनत्या चिठ्ठ्या? ते सपन व्हतं व," आणि दारात आलेल्या बाईला स्वप्नाची हकिगत सांगू लागल्या. आता त्या हकिगतीत देवाचा वेशही असतो आणि तो कोणत्या पायरीवर उभा होता तेही. जाऊ तिथेच शेंगा निवडत होती. तिने मान खालीच ठेवली. मला दोष दिला नाही, आठवण दिली नाही, तिची माझ्याशी वागणूक आजही नीट आहे. फक्त नऊ वर्षांत तिने कुठलीही गोष्ट माझ्याकडून ठरवून घेतलेली नाही. लेकीच्या लग्नाचीसुद्धा नाही.

सासूबाई हल्ली आमच्याकडे खांडबाऱ्यालाच असतात. ऐकू बरे येते. जाऊ काल आली आहे, उद्याच्या गाडीने जाणार. या घडीला सासूबाई ओसरीवर उन्हात बसल्या आहेत, जाऊ त्यांचे केस विंचरते आहे आणि मी आत हे लिहिते आहे.

आजच्या यादीत आठ कामे होती. सात झाली. दळण आले, परकराला नाडी घातली, तुरीला ऊन दिले, पत्र टाकले, बाकीची तीन बारीकसारीक. आठवे गेली नऊ वर्षे दर पानावर उतरवून घेते आहे: सासूबाईंना सांगणे. त्यापुढे खूण नाही.

त्या दोघी बाहेर आहेत. मी अजून उठलेले नाही.